बारा बाय अठराच्या हॉलमधला खर्ज

“कितला वॉटना शे, भाऊ?”

खान्देशात नवा स्पीकर दिसला की पहिला प्रश्न हाच. तापीच्या अलीकडे असा की पलीकडे, त्यात बदल नाही. आमच्या पिढीने आवाजाची खरेदी आकड्यावरच केली. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या तोंडावर चकचकीत स्टिकर असायचा, पीएमपीओ (क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा) अमुक हजार वॉट, आणि मागचं झाकण उघडलं तर आत ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा. पुढे वरातीत, विसर्जनात, कानबाईच्या मिरवणुकीत डीजेच्या गाड्या आल्या आणि बेस म्हणजे छातीवर बसणारा दणका हे डोक्यात पक्कं झालं. त्यामुळे माझ्या चुलतभावाने (घरात आणि गावात सगळे त्यांना जिभाऊच म्हणतात) चोपडा तालुक्यात केळीच्या बागेशेजारी नवं घर बांधलं आणि हॉलसाठी “आयुष्यात एकदाच घ्यायचे, एकदम भारी” असे स्पीकर घ्यायचं काढलं, तेव्हा फोनवर त्यांनीही आधी वॉटच विचारले.

वॉटचा हिशेब एकदाच करून टाकू, म्हणजे तो पुन्हा मध्ये येणार नाही. माहितीपत्रकात बघायचा आकडा संवेदनशीलतेचा. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो. घरच्या चांगल्या स्पीकरचा हा आकडा बहुधा ८५ ते ९० च्या मध्ये असतो. ८७ धरा. दोन स्पीकर, तीन मीटरवर सोफा, भिंतींची थोडी मदत, एवढ्यावर एका वॉटमध्ये बसल्या जागी ऐंशीच्या वर डेसिबल मिळतात. इतक्या आवाजात गाणं लावलं तर वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारून कमी करायला लावतात. मग शंभर वॉट कशाला? तर तबल्याची एखादी थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उडी मारते, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभर पट वॉट. त्या क्षणापुरते ते लागतात. पन्नास वॉट आणि शंभर वॉट यांत फरक फक्त तीन डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. हे एकदा कळलं की दुकानदाराचं निम्मं बोलणं आपोआप गळून पडतं.

मला खरं तर दुसरंच सांगायचं आहे. भारी स्पीकर घेणारा माणूस बहुतेक पैसे खर्जासाठी, म्हणजे बेससाठी, मोजतो. दीड फुटी पेटीऐवजी छातीएवढी पेटी घेतो ती त्यासाठीच. आणि खर्ज त्या पेटीच्या हातात फार थोडा असतो. तो खोली ठरवते. म्हणून मुख्य स्पीकर गळ्यासाठी घ्यावेत आणि खर्ज सबवूफरवर (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या पेटीवर) सोपवावा, असं माझं ठाम मत आहे. सबवूफर खोलीला हवा तिथे ठेवता येतो. छातीएवढी पेटी मात्र गाणं जिथून नीट दिसतं (हो, दिसतंच) तिथेच ठेवावी लागते. या दोन जागा एकच निघाल्या असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आधी गळ्याचं बोलू. स्पीकर ऐकायला आम्ही मुंबईला गेलो. डेमोची खोली गालिच्याची, जाड पडद्यांची, एसी लावून थंड केलेली. अशा खोलीत वाईट स्पीकरही सभ्य वागतो. जिभाऊंचा डोळा पहिल्याच मिनिटाला एका उंच, काळ्या, पियानोसारखी चकाकी असलेल्या जोडीवर गेला आणि तिथेच राहिला. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत वर्षानुवर्षं हाच विषय अभ्यासला. शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत १९९४ च्या सुमारास त्यांनी तेच स्पीकर लोकांना आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. स्पीकर दिसू लागल्याबरोबर गुण बदलले. मोठे, देखणे, नावाजलेले वर चढले, लहान खाली घसरले. पडद्याआड मात्र निरनिराळ्या लोकांची पसंती बरीचशी जुळत होती. समोरून सपाट (एकही सूर न फुगवणारा, न दाबणारा) आणि बाजूंनाही तसाच हळूहळू, न अडखळता उतरणारा आवाज लोकांना आवडत होता.

मुंबईच्या दुकानात पडदा कुठून आणणार? मी जिभाऊंना डोळे मिटायला सांगितले आणि विक्रेत्याला जोड्या न सांगता बदलायला सांगितल्या. एक पुरुषी आवाजातला विलंबित ख्याल लावला. ओळखीचा, कैकदा ऐकलेला. गायक पेटीत बसून गातोय असं वाटलं तर ती जोडी बाद. आवाजाला नाकातली झाक आली तर बाद. मग उठून सोफ्याच्या कडेला, तिथून दाराशी जायचं. आवाजाचा रंग दाराशीही तोच राहिला पाहिजे, जोर कमी झाला तरी चालेल. आपल्याकडे ही परीक्षा जास्त महत्त्वाची, कारण आपल्या हॉलमध्ये खाली टाइल्स, वर स्लॅब आणि भिंतींवर ऑइल पेंट. बाजूला फेकलेला प्रत्येक सूर आपटून परत कानात येतो. समोरून गोड आणि बाजूने कर्कश असा स्पीकर गालिच्याच्या खोलीत लपून जातो, आपल्या हॉलमध्ये उघडा पडतो.

या कसोटीवर नेहमी छोट्या पेट्या पुढे येतात असं नाही. १९५७ चा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर चांगला मोठा होता, आणि गळ्याच्या बाबतीत त्याचं नाव आजही घेतात. पण छोट्या पेटीला एक सोय असते. तिच्याकडून कोणी खर्जाची अपेक्षा करत नाही, त्यामुळे ती मधल्या सप्तकाचं काम मन लावून करते. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाची इवलीशी पेटी बनवली, कारण गाडीत मोठी मावेना. निवेदकाचा आवाज जसाच्या तसा ऐकू येणं ही तिची नोकरी होती, आणि ती तिने इतकी चांगली केली की लोक तिला घरी घेऊन गेले. केईएफ कंपनीने १९८८ मध्ये वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या तोंडाच्या) मधोमध ट्विटर (वरच्या सुरांचं छोटं तोंड) बसवायची युनि-क्यू पद्धत आणली आणि २०१२ मध्ये त्याच पद्धतीची एलएस५० ही छोटी जोडी काढली. कंपनी स्वतःच सांगते की ती खाली ७९ हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा) नीट जाते, त्याखाली नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

जिभाऊंनी डोळे मिटून जी जोडी निवडली ती स्टँडवर ठेवायची, साडेसहा इंची वूफरची निघाली. डोळे उघडले आणि तोंड पडलं. “इतला पैसामा इतलासाच?” विक्रेत्याला अहिराणी कळली नाही, पण अर्थ कळला असावा, कारण तो लगेच उंच काळ्या जोडीकडे वळला. मी चहा मागवला.

हॉलचं गणित मी तिथेच, बिलाच्या मागच्या बाजूला मांडलं. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. वीस हर्ट्झची लाट म्हणजे सतरा मीटर लांब, पन्नासची सात मीटरला थोडी कमी, ऐंशीची सव्वाचार मीटर. जिभाऊंचा हॉल बारा बाय अठरा फूट, उंची दहा. मीटरमध्ये साडेतीनच्या वर आणि साडेपाचच्या आत. ही लाट त्यात मोकळी धावूच शकत नाही, भिंतींच्या मध्ये हेलकावे खाते. शेतातल्या हौदात एका काठाने पाणी ढकललं तर दोन्ही टोकांना ते वर-खाली होत राहतं आणि मध्यावर पातळी जवळजवळ हलतच नाही. हॉलमधली हवा तेच करते. अठरा फुटांच्या लांबीत हा हेलकावा ३१ हर्ट्झला बसतो, बारा फुटांच्या रुंदीत ४७ ला, दहा फुटांच्या उंचीत ५६ ला. भिंतीला टेकून बसलात तर ते सूर घुमतात. बरोबर मध्यावर बसलात तर तेच सूर नाहीसे होतात. स्पीकर कितीही लाखांचा असो, हे आकडे गवंड्याने ठरवलेले असतात.

जिभाऊंचा आधी वरच्या मजल्यावरची बारा बाय बाराची खोली ‘म्युझिक रूम’ करायचा विचार होता. चौरस खोलीत लांबी-रुंदीचे दोन्ही हेलकावे एकाच सुरावर येतात, ४७ वर ४७. ती खोली आता मुलीच्या अभ्यासाला आहे, हे चांगलंच झालं.

आणखी एक त्रास. स्पीकर मागच्या भिंतीपासून जेवढा पुढे आणाल तेवढी गायकामागे खोली तयार होते, गाणं उघडतं. पण मागे गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक सुरावर पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. भिंतीपासून एक मीटर अंतर असेल तर तो खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात. म्हणजे गायक छान उभा राहिला आणि डग्गा हडकुळा झाला. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या सोयीने) हा खड्डा भरत नाही, जेवढं ओतावं तेवढं भिंत परत खाते. सबवूफर भिंतीला चिकटवून ठेवला की हा प्रश्न त्याच्यापुरता मिटतो.

तानपुऱ्याचं उदाहरण देतो, कारण जिभाऊंना ते पटलं. काळी एकच्या सा ला लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. छोट्या स्पीकरवरही ती ‘कळते’, कारण तानपुऱ्याची सगळी श्रीमंती वरच्या सुरांत आहे आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर मनाने भरून घेतो. तबल्याच्या शाईमुळे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत कसे येतात हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. आपली वाद्यं मुळातच वरच्या सुरांनी बोलणारी. मग सबवूफर हवा कशाला, असं शास्त्रीय संगीत ऐकणारे विचारतात. लावून बघा, आणि मग बंद करा. बंद केल्यावर काय गेलं ते कळतं. गायक बैठकीवर बसलेला असतो, तो एकदम हवेत लटकतो.

दणक्याबद्दलही मला तिरस्कार नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत सातपुड्यातले मोठे ढोल रात्रभर वाजतात. तो खर्ज पोटात उतरतो, आणि तरीही प्रत्येक ठोका सुटा असतो. कारण तिथे भिंत नाही. उघड्या मैदानात हेलकावे नाहीत, घुमणं नाही, ठोका पडला आणि गेला. जिभाऊ दोन-तीनदा ती होळी बघून आले आहेत. मी त्यांना म्हटलं, “जिभाऊ, तो ढोल आठवा आणि लग्नातला हॉलमधला डीजे आठवा. तुम्हाला यातलं कुठलं पाहिजे?” त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण स्टँडची किंमत विचारली.

सबवूफर निवडताना दोन घराणी समोर येतात. एक बंद पेटीचं. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीतर्फे ते बाजारात आणलं. पेटीतली कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. दुसरं पोर्टचं. पेटीला नळीसारखं तोंड, त्यामुळे एका ठरावीक सुराजवळ जास्त जोर मिळतो, पण त्याखाली आवाज धाडकन कोसळतो, सप्तकामागे २४ डेसिबलने. बंद पेटीचा आवाज लवकर उतरायला लागतो, पण सावकाश उतरतो, सप्तकामागे बारानेच. अमेरिकेतले लोक मोठमोठ्या पोर्टच्या पेट्या सांगतात, आणि त्यांच्यासाठी ते खरंही आहे. त्यांची घरं लाकडी सांगाड्याची आणि जिप्समच्या पातळ पाट्यांची, खर्ज भिंतीतून गळून जातो. आपल्याकडे नऊ इंची विटांची भिंत आणि वर काँक्रीटचा स्लॅब. खर्ज कुठे जाणार? आतच राहतो आणि अगदी खालच्या सुरांना खोली स्वतः उचलून धरते. म्हणून आपल्या पक्क्या हॉलसाठी बंद पेटीच बरी, दहा किंवा बारा इंची. माझा कल नेहमी एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम आकाराच्या पेट्यांकडे असतो. मात्र आठ इंचांच्या खाली जाऊ नये. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला (स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) चौपट सरकावं लागतं, आणि छोटा कोन तिथे धापा टाकतो.

जोडायच्या दोन पद्धती. वेल्समधून सुरू झालेली आरईएल कंपनी ॲम्प्लिफायरच्या स्पीकर-टर्मिनलवरूनच सिग्नल घेते. मुख्य स्पीकर आपला पूर्ण गातात आणि सबवूफर त्यांच्या खाली हळूच येतो. जुन्या इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरला सबवूफरचं वेगळं तोंड नसेल तर ही सोय मोठी. दुसरी पद्धत म्हणजे ऐंशी हर्ट्झखालचं सगळं मुख्य स्पीकरकडून काढूनच घ्यायचं. ऐंशीचा आकडा सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केला, आणि त्यामागे कारण आहे. त्याखालचा आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतोय हे कानाला सहसा सांगता येत नाही. छोट्या पेटीच्या बाबतीत मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचा आहे. साडेसहा इंची वूफरच्या अंगावरून खर्जाचं ओझं उतरलं की त्याचा गळा मोकळा होतो, आणि तो फरक सबवूफर बंद ठेवूनही ऐकू येतो.

पेट्या आल्या तो दिवस भरताचा होता. शेतात काट्या पेटवून वांगी भाजलेली, कळण्याच्या भाकरी, घरात पाहुणे. खान्देशात गाणं ऐकायचा हंगाम म्हणजे हिवाळाच. मार्चपासून कूलर सुरू होतो, आणि कूलरच्या घरघरीखाली तानपुराच काय, आलापही बुडतो.

सबवूफरची जागा शोधायची जगभरातली रीत एकच. जिथे आपण बसणार तिथे सबवूफर ठेवायचा आणि आपण गुडघ्यांवर हॉलभर रांगायचं. आवाजाच्या वाटा दोन्हीकडून सारख्याच असतात, त्यामुळे ज्या जागी कान नेल्यावर खर्ज सगळ्यात सरळ ऐकू येतो, तिथेच शेवटी पेटी ठेवायची. आम्ही ती पेटी उचलून नव्या सोफ्यावर, जुन्या चादरीवर ठेवली. वीसपासून शंभर हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावला. जिभाऊ खिडकीच्या बाजूने, मी टीव्हीच्या बाजूने, डोकं जमिनीपासून वीतभर वर ठेवून. खिडकीखालच्या कोपऱ्यात ४७ च्या आसपास कानात कोणी बोट घातल्यासारखा दाब आला. दाराजवळ तोच सूर जवळपास गायब. टीव्हीच्या युनिटच्या मधोमध, खालच्या कप्प्याशी, चढता सूर कुठेही न उसळता वर गेला. एवढ्यात मोठी माय पडवीतून आत आली आणि थांबली. “काय व्हयनं रे? काही हारपनं का?” जिभाऊंनी रांगत रांगतच सांगितलं, “बेस हारपनं, मोठी माय.”

जागा ठरली की उरतं ते जुळवणं. मुख्य स्पीकर आणि सबवूफर दोघांनाही ऐंशीचा सूर द्यायचा, कोणीतरी मागे बसून फेजची (लाट उलटी करायची) कळ शून्यावरून एकशेऐंशीवर फिरवायची, आणि सोफ्यावर ज्या बाजूला आवाज भरतो ती ठेवायची. आवाज कमी होत असेल तर दोघे एकमेकांना ढकलत आहेत. डिजिटल सबवूफर सिग्नल हाताळायला काही मिलिसेकंद घेतो, आणि एक मिलिसेकंद म्हणजे फुटाहून थोडं जास्त अंतर. म्हणून रिसीव्हरमध्ये (हा ॲम्प्लिफायरचाच प्रकार) सबवूफरचं अंतर भरताना टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त आकडा द्यावा लागला तर घाबरू नये. मग पातळी. सबवूफर वाजतोय हे कळलं की तो जास्त आहे. रात्री मात्र दोन-तीन डेसिबल वाढवायला हरकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं आहे की आवाज लहान केला की कान सगळ्यात आधी खर्ज सोडतो.

याच जुळवणीत हम, म्हणजे विजेची गुणगुण, आला. बारीक, सतत, पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या वरच्या शंभरचा. छोट्या स्पीकरवर तो ऐकूही येत नाही, सबवूफर मात्र तो इमानाने वाजवतो. आधी सिग्नलच्या सगळ्या वायरी काढल्या. हम गेला. म्हणजे पेटी बरी आहे, दोष जोडण्यांत आहे. एकेक वायर परत लावत गेलो तर डिशच्या केबलशी तो परत आला. गच्चीवरच्या डिशची जमीन (अर्थिंग) एक आणि घरातल्या सॉकेटची दुसरी, दोघींतून प्रवाह फिरत होता. वायरमनने दोन्ही एकाच अर्थिंगला आणल्या. अर्थिंगचा खड्डाही बघून घेतला, कोळसा आणि मीठ घालून पाणी सोडलं. आपली काळी माती ओली असेपर्यंत वीज चांगली मुरवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मग तिच्यावर विसंबता येत नाही. काही लोक हम घालवायला प्लगची जाड पिन तोडतात. ते करू नका. हम जातो आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो.

भिंतींसाठी जिभाऊंनी गादीवाल्याला बोलावलं. कापसाच्या मुलखात फोम कशाला विकत घ्यायचा? लाकडी चौकटी, चार इंच जाडीची दाबून भरलेली रुई, वरून खादी. भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा आणि सोफ्यावरून त्यात स्पीकर दिसला की तिथे चौकट ठोकायची. गायकाचे शब्द त्याच संध्याकाळी उजळले. पण खर्जाला त्याचा काही उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो. अशी गादी अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या वरच काम करते. ४७ हर्ट्झच्या लाटेचा पाव हिस्सा पावणेदोन मीटरच्या वर जातो. तेवढी जाड गादी केली तर हॉलमध्ये फक्त गादीच राहील. आणि रुई पेट घेते, म्हणून चौकट देवाच्या समईपासून लांब.

मोजमापासाठी माझ्याकडे युएसबीवर चालणारा छोटा माइक आहे आणि रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. जानेवारीत मोजलेला हॉल आणि मे महिन्यातला हॉल सारखा नसतो, हे मला त्यावरच दिसलं. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. पहाटे बाहेर बारा अंश असताना तो सेकंदाला ३३९ मीटरच्या आसपास, आणि पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ३५८ च्या आसपास. हा फरक जवळपास एका अर्ध्या सुराएवढा, कोमल रिषभापासून शुद्ध रिषभापर्यंत. घराच्या आत तो त्याहून कमी, तरी ४७ ची घूम मे महिन्यात ४९ कडे सरकते. इक्वलायझरने हिवाळ्यात नेमकी कापलेली जागा उन्हाळ्यात थोडी बाजूला पडते. म्हणून कापायचंच तर रुंद आणि उथळ कापावं, किंवा होळीनंतर पुन्हा मोजावं. लंडनच्या माणसाला ही चैन नाही.

दुसऱ्या पेटीची गोष्ट थोडी वेगळी. हार्मनमधले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये किती सबवूफर पुरेसे, या प्रश्नाचा पद्धतशीर हिशेब मांडला. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मधोमध एकेक ठेवलं तर दोनातही बरंच साधतं. जिभाऊंच्या हॉलमध्ये बारा फुटी भिंतींच्या मध्यावर दोन पेट्या आल्या तर लांबीचा ३१ चा हेलकावा दोघी मिळून मारतात, कारण दोन टोकांना तो उलटसुलट असतो. रुंदीचा ४७ चा हेलकावा त्यांना उठवताच येत नाही, कारण दोघी त्याच्या शांत जागेवर बसलेल्या असतात. कागदावर झकास. पुढच्या भिंतीचा मध्य टीव्हीखाली मिळाला. मागच्या भिंतीचा मध्य म्हणजे नेमकं देवघराचं दार.

वहिनींनी पेटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि “तिथं नाही,” एवढंच म्हणाल्या. जिभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बरोबर आहे वहिनी.” पेटी दारापासून तीन फूट डावीकडे गेली. ३१ चा हेलकावा तरीही बसला, कारण लांबीच्या टोकाला ती आहेच. ४७ चा थोडा उठला. उठलेला सूर इक्वलायझरने खाली आणता येतो, पडलेला वर आणता येत नाही, त्यामुळे हा सौदा मला मान्य होता.

मग भांड्यांची पाळी. चढता सूर पुन्हा लावून हॉलभर फिरलो, जे किणकिणेल त्यावर हात ठेवत. शोकेसची काच ३८ ला, लग्नातला फोटो ५२ ला, वहिनींनी दुसऱ्या पेटीवर ठेवलेली पितळी फुलदाणी जवळजवळ सगळ्याला. काचेला फेल्टची पट्टी, फोटोमागे रबराचे ठिपके, फुलदाणी कपाटात. खिडकीचं ॲल्युमिनियमचं स्लायडिंग मात्र ४४ ला अजून थरथरतं. स्लायडिंगवाल्याला फोन केलाय. लग्नसराई संपली की येतो म्हणाला.